शंभरपर्यंत म्हणतो, पण सहा चमचे आणत नाही

पत्र: “मी चिपळूणची. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. त्याला शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. गणितासाठी तीन गोष्टी बघून ठेवल्यात: टॅबवरचं एक अ‍ॅप (सध्या मोफत ट्रायल चालू आहे), जवळचाच अबॅकसचा क्लास आणि अमेरिकेतून मागवायचा होमस्कूलिंगचा एक संच. त्याला गंमत वाटावी, दडपण नको, एवढीच इच्छा. शंभरपर्यंत आकडे म्हणतो, पण मध्ये थांबवलं तर पुन्हा एकपासून सुरू करतो. परवा पाहुणे आले तेव्हा सहा चमचे आण म्हटलं, तर मूठभर घेऊन आला. सासूबाई म्हणतात, शेजारचा पोरगा पाढे म्हणतो. कोणता कोर्स घेऊ? पुढे इंजिनिअरिंगला जायचं झालं तर पाया कच्चा राहायला नको.”

नमस्कार ताई,

माझ्याकडे पत्रं येतात ती दहावी-बारावीच्या घरांतून. सव्वाचार वर्षांच्या मुलाचं पत्र बघून मी ते आधी बाजूलाच ठेवलं होतं. मग चमच्यांचं वाक्य वाचलं आणि पुन्हा हातात घेतलं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच त्यात लिहून टाकलंय. तिन्हीपैकी आत्ता काहीच घेऊ नका.

तुमचा मुलगा शंभरपर्यंत म्हणतो ते गाणं आहे. आरती मध्येच तोडली की आपणही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो, तसंच हे. गाणं वाईट नाही, लागणारच आहे. पण ‘सहा’ म्हणजे नेमके किती, हे वेगळं शिकणं आहे आणि ते सावकाश होतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास मुलांना अगदी तुमच्यासारखंच, ‘इतक्या वस्तू दे’ असं सांगून पाहिलं. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो, बाकी सगळ्याला मूठ. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, मग ‘तीन’. आणि त्यानंतर कधीतरी पोराच्या डोक्यात उजेड पडतो, की मोजताना शेवटी जो आकडा येतो, तेवढ्या वस्तू असतात. हे साधारण साडेतीन-चारच्या आसपास होतं, कुणाचं थोडं पुढेमागे. म्हणजे तुमचा मुलगा मागे पडलेला नाही. तो वाटेत आहे.

तो नेमका कुठे आहे, ते उद्या सकाळीच कळेल. एक चमचा मागा. मग दोन, मग तीन, चार. जिथे मूठ येईल तिथे थांबा, आणि पुढचे काही आठवडे त्याच आकड्याभोवती रेंगाळा. तीनपर्यंत नीट येत असेल, तर घरात चारच्या गोष्टी काढायच्या: चार वाट्या, खुर्चीचे चार पाय, मांजरीचे चार पाय. ताटं मांडायचं काम त्याच्याकडे द्या. प्रत्येक ताटाला एक वाटी, एक फुलपात्र. बाबा उशिरा येणार असले तर ‘एक ताट काढू या का? आता किती उरली?’ एवढी वजाबाकी या वयाला पुष्कळ झाली. चिन्ह नको, पाटी नको. आणि चुकला तर ‘चूक’ म्हणू नका, आजोबांपुढे वाटी नाही हे त्याला दिसू द्या.

आता खेळ. सासूबाईंना वादात हरवण्यापेक्षा कामाला लावा. चिंचोके, कवड्या, सागरगोटे हे सगळं त्यांच्या हातातलं आहे, आणि सागरगोट्यांत एक वर, दोन खाली ही जी नजर लागते, ती कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळणार? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, बिया, खडे यांवरच. त्या काही नाइलाजाने वापरत नव्हत्या. मुलाला ओळखीची वस्तू हाताळू दिली की निम्मं शिकवणं झालेलं असतं.

सापशिडी आत्ता नको. शंभर घरं फार होतात, आणि ओळ संपली की आकडे उलट दिशेने जातात, तिथे एवढी पोरं हमखास गडबडतात. त्यापेक्षा अंगणात खडूने सरळ रेषेत दहा घरं काढा, डावीकडून उजवीकडे १ ते १०. नाणं उडवायचं: छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन. आता यातली बारीक गोष्ट. तो चारवर उभा असेल आणि दोन घरं जायचं असेल, तर ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘पाच, सहा’ म्हणायचं. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांबरोबर असाच दहा घरांचा पट खेळून पाहिला. पंधरा-वीस मिनिटांचे मोजके डाव दोन आठवडे झाले आणि मुलांची संख्यांची समज स्पष्ट सुधारली. ज्यांनी आकड्यांऐवजी नुसत्या रंगांच्या घरांवर तोच खेळ खेळला, त्यांच्यात तसा फरक पडला नाही. म्हणजे खर्च एका खडूचा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला विचारायचंय: घरी मोजता कुठल्या भाषेत? मराठीत असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवते. आपले आकडे बोलायला उलटे. लिहिताना आधी दोन मग तीन, म्हणताना ‘तेवीस’, तीन आधी. एकोणतीस तर त्याहून वरचा, तिथे ऐकू येतो तीस आणि असतात एकोणतीस. म्हणूनच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी सोपी वाचनपद्धत आणली. केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांचा आणि उलट क्रमाचा त्रास शांतपणे समजावत होत्या आणि लोक विनोद करत होते. माझं मत विचाराल, तर घरी दोन्ही म्हणा. ‘तेवीस, म्हणजे वीस आणि तीन’. मराठी सोडून इंग्रजीत मोजायची मात्र गरज नाही.

तुमच्या यादीबद्दल थोडक्यात. अबॅकसमध्ये वेग येतो, पण ज्याला सहा म्हणजे किती ते अजून धड कळलेलं नाही, त्याला तो वेग काय कामाचा? सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्यालाच आवडलं तर बघा. अमेरिकेतले संच वाईट नसतात. काहींत पाच-पाच मणी दोन रंगांत ओवलेले असतात, त्यामुळे ‘सात’ म्हणजे पाच आणि दोन हे न मोजता दिसतं. ही कल्पना जरूर उचला: पाच लाल, पाच पांढरे मणी जाड दोऱ्यात ओवा, झालं. बाकी त्या संचांतली नाणी डॉलर-सेंटची आणि मापं इंचाची. एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, गोष्टींचा संच २०२३ साली आला, तीन ते आठ वयासाठी. तो एकदा पाहून घ्या.

कायद्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, तेव्हा अजून पावणेदोन वर्षं डोक्याला ताप नाही. पुढे दहावी मुक्त विद्यालयातून देता येते.

आणि इंजिनिअरिंग. गेल्या जूनमध्ये एक मुलगा आईबरोबर आला होता, दहावी पास. ‘मॅडम, गणित नसलेली साइड सांगा.’ मी त्याला सहज विचारलं, अर्धी भाकरी मोठी की तिसरा हिस्सा? अर्धी, म्हणाला, ताबडतोब. मग कागदावर एकद्वितीयांश (१/२) आणि एकतृतीयांश (१/३) लिहून दाखवले, तर एकतृतीयांश मोठा, कारण तीन मोठा. भाकरी त्याला येत होती. कागदावर आली की हरवत होती. असे महिन्याला दोन-तीन तरी येतात, आणि त्यांतले बरेच जण लहानपणी पाढ्यांत पहिले होते. म्हणून म्हणते, लिहायची घाई करू नका. साडेपाच-सहापर्यंत वही आली नाही तरी काही बुडत नाही.

त्या अ‍ॅपची ट्रायल कधी संपते ते आजच बघा. कार्ड जोडलं असेल तर मुदतीआधी रद्द करा, नाहीतर वर्षाचे पैसे आपोआप कापले जातील.