बाळ पिवळं दिसतंय म्हणून घाबरलीस ना?

अगं, तिसऱ्या दिवशी लेकरू पिवळसर दिसलं म्हणून रात्रभर मोबाईल चाळत बसू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी कावीळ बहुतेक बाळांची दोनेक आठवड्यांत उतरते. पण पहिल्या 24 तासांतच आली, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ दूध ओढेना, तर उन्हात धरत बसायचं नाही, थेट दवाखाना. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तरी तेच. वजन पहिल्या आठवड्यात थोडं घटतंच. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात ना, तेवढं मोज. आणि परभणीचा मे असला तरी पाणी नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध, घुटी तर नकोच. (सासूबाईंशी भांडू नकोस, डॉक्टरांकडूनच वदवून घे.)

वाचन सुटलं म्हणतेस. थोरली झाली तेव्हा मीही जाड कादंबरी उघडली नि तीन महिने पान 12 वरच होते. पाजताना एका हातात मावेल असं पातळ पुस्तक घे, नि मोठ्यानं वाच. बाळाला गोष्ट कळत नाही, पण तुझा आवाज पोटात असल्यापासून ओळखीचा आहे. माझी थोरली आता लातूरला शिकते. अजून जेवताना पुस्तक लागतं तिला.