पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांची नावं नाशिकमध्ये कुठे मिळतील?

पंचवटीत रामकुंडावर जा आणि तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये (तीर्थावरचे परंपरागत पुरोहित) कोण ते विचारा. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी इथे श्राद्ध, अस्थिविसर्जन किंवा सिंहस्थासाठी आलं असेल तर उपाध्यांच्या नामावळीत (यजमानांच्या वंशनोंदींच्या चोपड्यांत) नोंद असण्याची चांगली शक्यता आहे. मी माझ्या घराच्या चार पिढ्या अशाच लावल्या. जाताना हे हाताशी ठेवा:

- मूळ गाव आणि तालुका (आता राहता ते नव्हे)
- आडनाव, जुनं आडनाव वेगळं असेल तर तेही
- आजोबा-पणजोबांचं पूर्ण नाव

चोपड्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात, म्हणून मूळ गाव चुकलं की शोध तिथेच अडकतो. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात. उपाध्यांकडूनच वाचून घ्या आणि लगेच देवनागरीत उतरवा. नोंदीच्या खाली, तेव्हा आलेल्या माणसाची सही असते, कधी नुसता अंगठा. पणजोबांच्या हातची सही समोर दिसते तेव्हा खरंच गलबलून येतं. फोटो काढण्याआधी मात्र परवानगी घ्या, दक्षिणा द्या आणि आपल्या पिढीची नोंदही करून या. घरातल्यांना पाठवताना कोणतं नाव कुठून मिळालं तेही लिहा.

एक लक्षात ठेवा: ही नावं आलेल्या माणसाने तोंडी सांगितलेली असतात, लेकी-सुनांची बरीचशी सुटलेली. म्हणून तहसील कार्यालयातल्या गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदींशी आणि जुन्या फेरफारांशी (जमिनीच्या वारस-हक्कबदलाच्या नोंदींशी) ताडून पाहा.