लहान मुलांना घर आणि गरिबी हा विषय कृतीतून कसा शिकवावा?

आपण विचारले आहे की, काही लोकांना धड घर का नसते हे पहिली ते चौथीच्या मुलांना भाषण न देता, हाताने काही करायला लावून कसे समजवावे. मी दापोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्याकडे चिरेबंदी घरातले आणि कुडाच्या घरातले मूल एकाच ओळीत बसते, त्यामुळे कोणत्याही मुलाला स्वतःच्या घराविषयी वर्गात बोलण्याची वेळ येऊ नये, ही माझी पहिली अट असते. मुलांना एखाद्या वाडीवर ‘गरिबी दाखवायला’ नेण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे, कारण त्यातून मुले कीव करायला शिकतात आणि कारणे त्यांना कळतच नाहीत.

सुरुवात जागेपासून करावी. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. म्हणून मैदानावर फक्कीने पाच मीटर लांब-रुंद चौकोन आखावा आणि सहा मुलांच्या ‘कुटुंबाला’ त्यात चूल, हंडे, अंथरुणे, दप्तरे आणि आगोटीचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला, लाकूडफाटा मांडायला सांगावे. दोरीवर ओले कपडे टांगले की अभ्यासाला कुठे बसायचे, यावरून खरा वाद सुरू होतो.

दुसरी कृती छपराची. काठ्या विणून आणि त्यांवर माती लिंपून हातभर उंचीचे कूड करावेत आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या उताराची छपरे घालून झारीने पाणी ओतावे. उतार कमी असेल तर छप्पर गळते आणि वळचण आखूड असेल तर भिंतीचा पायथा आधी विरघळतो, हे मुले स्वतः पाहतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी, ती म्हणजे नीट शाकारलेले झावळ्यांचे छप्पर मुळीच कमअस्सल नसते, मात्र ते पुन्हा पुन्हा शाकारावे लागते, आणि ज्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात त्याला हा खर्च आणि ही मेहनत कायमची मागे लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गावात कोणाची कौले आणि पत्रे आधी परत चढले आणि का, हे आजीला विचारून यायला सांगितले तर मुले पुष्कळ काही घेऊन येतात.

तिसरीच्या पुढच्या मुलांसाठी चिंचोक्यांचा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. एक चिंचोका म्हणजे दहा हजार रुपये धरावेत. सपाट प्रदेशातील घरकुलासाठी केंद्राच्या योजनेत मूळ साहाय्य १,२०,००० रुपये असल्याने प्रत्येक गटाला बारा चिंचोके मंजूर करावेत, पण हातात एकदम देऊ नयेत. प्रत्यक्षातही पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकाम पुढे सरकेल तसे मिळतात. म्हणून जोते झाले की पुढचा हप्ता, भिंती वर आल्या की त्यापुढचा, असे वाटप ठेवावे. चिरे, मजुरी, पत्रे आणि दरवाजा यांचे भाव मुलांनीच घरी विचारून आणावेत. मध्येच घंटा वाजवून ‘पाऊस लागला’ असे जाहीर केले की ज्यांचे छप्पर झालेले नाही त्यांचे काम थांबते. एका गटाला मात्र चिंचोके मंजूर करूनही जागेचा कागद देऊ नये. तो गट काहीच बांधू शकत नाही, आणि बाकीच्यांपेक्षा तो कशात कमी पडला, असे विचारले की वर्ग थोडा वेळ गोंधळतो. कष्टात तो कमी पडलेला नसतो.

कोकणातल्या अनेक कातकरी या आदिवासी जमातीच्या कुटुंबांच्या अडचणीशी हा खेळ जुळतो: राहत्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नसते आणि दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, म्हणजे कागदपत्रांसाठी खेपा घालण्याच्या आणि बांधकामाच्या दिवसांतच ती गावाबाहेर असतात. वर्गात हे सांगताना कुटुंबाचे किंवा वाडीचे नाव घेऊ नये. ‘मग त्यांना जागा का देत नाहीत?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर स्वतः रचून न देता, शक्य असल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) वर्गात बोलवावे आणि तो प्रश्न मुलांनाच त्यांना विचारू द्यावा.