बोटं झिजली म्हणण्याआधी स्क्रीनवरचा आकडा वाचा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला, म्हणजे माणूस जिवंत आहे या दाखल्याला, आईचा ठसा तीन केंद्रांवर लागला नाही, डोळ्यांचं मशीन नाही म्हणालं, मोबाइलवर चेहराही घेईना. केंद्रवाला म्हणतो वय झालं. आणि तुम्ही विचारताय की बातम्यांत चेहरा ओळखणारं एआय ९९ टक्के अचूक आहे म्हणतात, मग आमच्याच आईचं घोडं कुठं अडलं, आणि बोटांना ग्लिसरीन लावून बघू का.

हयातीचा दाखला म्हणजे काय, कुठं मिळतो, ते तुम्हाला माहीत आहेच. मला खटकलं ते वेगळंच. बोटं झिजतात, मान्य. डोळ्यात मोतीबिंदू असतो, तेही मान्य. पण बोटं, डोळे आणि चेहरा एकाच आठवड्यात संपावर गेले म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे अगदी असंच झालं होतं आणि त्याला जबाबदार मी होतो.

आधीच सांगतो, मी तांत्रिक माणूस नव्हे. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टांचे हिशेब लिहीत नोकरी संपली. खाली लिहितोय ते अनुभवातलं आणि नंतर चिडून वाचलेलं. चूक असेल तर जाणकारांनी कान धरावा.

आमचे अण्णा सूतगिरणीतले. रिंग फ्रेमवर तुटलेला धागा जोडायचं काम, तीस-बत्तीस वर्षं. पेन्शन दोन हजारांच्या आतली, पण त्यांच्या हातची. ती उचलायला स्वतः जायचे, येताना पावशेर फरसाण आणायचे. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्यांना घेऊन केंद्रावर गेलो. दहाही बोटं झाली. पोराने स्क्रीनवरची चौकट टिचकी मारून घालवली आणि म्हणाला, "काका, बाबांचे ठसे गेलेत."

तिथून सुरू झालं. ग्लिसरीन, खोबरेल, कोमट पाणी, लिंबू, कुणीतरी सांगितलं म्हणून बेसन. अण्णा रोज सकाळी तांब्यात बोटं बुडवून बसायचे. मग एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. दोन एसट्या बदलून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन. तिथल्या बाईंनी मशीन लावलं, एकदा बघितलं, म्हणाल्या, "आधार अपडेट करून या." अपडेटची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ती आली तेव्हा अण्णांना ताप. पुन्हा गेलो तर दुसरे साहेब म्हणाले, "अपडेट केलं नाही का अजून?" का होत नाही, हा प्रश्न दोन्ही वेळा मी विचारला. दोन्ही वेळा उत्तर एकच, "वय झालंय." हे वाक्य उच्चारायला सरकारी पगार लागत नाही, आमचा दूधवालाही सांगतो.

जानेवारीत पेन्शन थांबली. फरसाणही थांबलं.

आता माझं शहाणपण ऐका. पहिल्या दिवशी मी त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढला होता, पुण्यातल्या धाकट्या भावाला पाठवायला. त्याने "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. मीही नाही. जानेवारीअखेर भाची आली, तिने फोटो मोठा केला आणि विचारलं, "मामा, हा तीनशे तीस काय आहे?" खाली इंग्रजीत सरळ लिहिलं होतं की बायोमेट्रिक, म्हणजे ठसा-डोळे-चेहऱ्याची ओळख, आधारधारकाने लॉक केलेलं आहे.

लॉक मीच केलं होतं. सप्टेंबरात. त्या दिवसांत मी बातम्या वाचत होतो की दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, सिलिकॉनचे ठसे बनवून, आधारवरून लोकांच्या खात्यातले पैसे काढतायत. घाबरलो, रात्री बसून अण्णांचं, बायकोचं आणि माझं, तिघांचं लॉक करून टाकलं. फार हुशारी वाटली. कुणाला सांगितलं नाही, आणि विसरलो. लॉक केलं की बोट, डोळा, चेहरा, तिन्ही बंद. अण्णांच्या बोटांत जन्मभराचं सूत मुरलं असेल नसेल, पण त्या मशीनने त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "म्हंजे बोटं ठीक हायत की." त्यांनी सकाळचा तांब्या बंद केला. मी दोन दिवस त्यांच्यासमोर बसलो नाही.

तेव्हा ताई, ग्लिसरीन राहू द्या. आधी चौकटीतला आकडा, म्हणजे नकाराचं कारण सांगणारा कोड. ३३० असेल तर लॉक, आणि घरातल्या कुणी लॉक केलं होतं का ते विचारा. बहुधा मुलगा किंवा जावई निघतो. ३०० असेल तर खरोखर जुळलं नाही, तो वेगळा रस्ता. केंद्रवाला दाखवत नसेल तर मायआधार या आधारच्या संकेतस्थळावर आईच्या नंबरने ओटीपी घेऊन ऑथेंटिकेशन हिस्ट्री उघडा. मागच्या सहा महिन्यांतले प्रयत्न तारीख, वेळ आणि कोडसकट दिसतात. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन एसट्या वाचल्या असत्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असेल तर मात्र आधी तो बदलावा लागेल.

लॉक उघडताना एक खाचखळगा आहे. तात्पुरतं उघडलं तर दहा मिनिटांत परत बंद होतं. आम्ही घरी उघडलं आणि रिक्षाने निघालो, पोचेपर्यंत बंद. (हसू नका.) एकतर मशीनसमोर बसल्यावर उघडा, नाहीतर लॉक कायमचं काढा आणि दाखला झाल्यावर परत लावा. पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ती सोय चांगलीच आहे, पण त्याच्याही मशीनला लॉकपुढे इलाज नाही.

आता ३०० निघाला तर. इथं माझं वाचन, वैद्यकीय सल्ला समजू नका. ठशाची नक्षी आईच्या पोटातच ठरते आणि जन्मभर बदलत नाही. बदलतो तो रेघांचा उंच-सखलपणा. वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल होते, रेघा सपाट होतात, काचेवर तुटक उमटतात. सिमेंट, चुना, भांड्यांची पावडर वरचा थर खरवडतात, पण काम थांबवलं की तो बऱ्याचदा भरून येतो. म्हणून कोरड्या हाताला थोडा ओलावा बरा आणि तेलकट हात वाईट. आमचं खोबरेल म्हणजे उलटा उपाय होता. कॅन्सरच्या कॅपेसिटाबीन नावाच्या गोळीनेही तळहात सोलून ठसे पुसट होऊ शकतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला यापायी अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवल्याचं २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. आईची अशी औषधं चालू असतील तर ती बंद वगैरे करू नका, डॉक्टरांची चिठ्ठी मात्र सोबत ठेवा. दहातलं कुठलं बोट चांगलं लागतं ते एकदा तपासून घ्या. सगळे सवयीने अंगठाच पुढे करतात.

चेहऱ्याचं म्हणाल तर पाठीमागे खिडकी नको, उजेड तोंडावर हवा, चष्मा काढा. ॲप डोळ्यांची उघडझाप मागतं, जिवंत माणूस आहे हे बघायला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते "मिचकवा" म्हटलं की डोळे गच्च मिटून बसायचे. मी मागे उभा राहून "आता उघडा" ओरडायचो.

राहिला तुमचा ९९ टक्क्यांचा प्रश्न. माझं मत, पटलं तर घ्या. बातमीतला हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. कुलपात किल्ली बसते तसं हे यंत्र चालत नाही. ते तुमचा आताचा ठसा आणि साठवलेला ठसा ताडून मार्क देतं, आणि पासिंगची रेघ कुठं मारायची हे माणसं ठरवतात. रेघ वर नेली की नकली अंगठा नापास होतो, आणि त्याच्यासोबत खरी म्हातारीही. खाली आणली की दोघंही पास. म्हणून विचारायचं ते हे, की चुकीच्या माणसाला आत न घेण्यातली अचूकता का खऱ्या माणसाला बाहेर न ठेवण्यातली? आणि तपासणी कुणावर केली, पंचविशीच्या पोरांवर का ऐंशीच्या गिरणी कामगारांवर? २०१८ साली सुप्रीम कोर्टात आधारच्या मुख्याधिकाऱ्यांनीच ठसा न जुळण्याचं प्रमाण ६ टक्के आणि डोळ्यांचं ८.५४ टक्के सांगितलं होतं. त्यानंतर यंत्रं सुधारली असतील, पण १०० तले ते ६ कोण असतात हे नोव्हेंबरात कुठल्याही बँकेच्या बाकड्यावर बसून बघा.

विषय निघालाच आहे तर, पेन्शनरचा अंगठा घेणं हे काही नवं तंत्रज्ञान नव्हे. बंगालात हुगळीला हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये हेच सुरू केलं होतं, मेलेल्या पेन्शनरच्या नावाने कुणी पैसे उचलू नयेत म्हणून. तेव्हा शाई होती. ठसा नीट उठला नाही तर समोरच्या माणसाचं तोंड बघून दुसऱ्यांदा घेता येत असेल. आज समोर माणूस बसलेला दिसतो, बोलतो, "मी जिवंत आहे" म्हणतो, आणि कारकून स्क्रीनकडे बघून सांगतो की लागत नाही. त्या बाईंचा राग मला अजून येतो, जरी चूक माझी होती तरी. चौकट पुढची तीन सेकंद उघडी ठेवली असती तर...

असो. लॉक करू नका असं मी म्हणत नाही. अंगठ्याने पैसे काढायची गरज नसेल तर जरूर करा, मी तिघांचं परत केलंय. फक्त आता कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदीशेजारी, तारीख लिहून ठेवली आहे, आणि अण्णांना दाखवली आहे.

तीन केंद्रांवर कुठला आकडा आला ते कळवा, किंवा हिस्ट्रीचा फोटो टाका. टाकताना आधार क्रमांक झाका.