मुजरा आणि कर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा आत्यानं आपल्याला इथे ब्रिटनमध्ये फोनवर कोल्हापूरचा दसरा दाखवला. दसरा चौकातली गर्दी, अंबाबाईची पालखी, जुन्या मेबॅक गाडीतून आलेले महाराज, शमीपूजन आणि मग सोनं लुटायची झुंबड. आत्यानं वाकून मुजरा केला, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, आता ते राजे नाहीत ना? मग वाकायचं कशाला? आणि इथल्या राजासारखे त्यांनाही करातून पैसे मिळतात का?" जेवताना मी काहीतरी बोलून गेलो. ते उत्तर माझं मलाच पटलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी इथला हिशेब. राजघराण्याच्या कामकाजासाठी सरकार दरवर्षी ठरावीक रक्कम देतं. 2024-25 मध्ये ती 8 कोटी 63 लाख पौंड होती, 2025-26 मध्ये 13 कोटी 21 लाख झाली. माणशी पाहिलं तर दोन पौंडांच्या आतच. पण सुरक्षेचा खर्च यात नाही आणि तो किती, हे जाहीरही करत नाहीत.

तुझ्या बाई म्हणाल्या की राजाच्या जमिनींचा नफा सरकारला मिळतो आणि तो या रकमेच्या कितीतरी पट आहे, म्हणजे राजा फुकटच पडतो. नफ्याचा आकडा खरा आहे, अलीकडे वर्षाला शंभर कोटी पौंडांच्या वर गेलाय, समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे. पण त्या जमिनी राजाच्या घरच्या नाहीत. आपल्याकडे देवस्थान इनामाची जमीन असते ना, तसं समज. जमीन देवाच्या नावावर, पुजारी ती विकू शकत नाही. तिसऱ्या जॉर्जनं 1760 मध्येच हे उत्पन्न सरकारकडे सोपवलं. उद्या राजा नसला तरी पवनचक्क्या फिरतच राहतील.

आता कोल्हापूर. महाराजांना राजा म्हणून सरकारकडून काही मिळत नाही. पूर्वी मिळायचं. संस्थानं भारतात विलीन झाली तेव्हा संस्थानिकांना तनखे देण्याचं वचन थेट राज्यघटनेत लिहिलं होतं. 1971 मध्ये 26 वी घटनादुरुस्ती करून ते तनखे बंद केले. दिलेला शब्द असा मोडला, हे मला आजही बोचतं. तरीही निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. शेतसारा भरणाऱ्यानं दुसऱ्याच्या जन्माचे पैसे पिढ्यान् पिढ्या का द्यायचे?

तनखा गेला, पण मुजरा राहिला. का, ते तुझ्या पणजोबांवरून सांगतो. ते खेड्यातून कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांनी काढलेल्या एका बोर्डिंगात राहून शिकले. तिथे जागा मिळाली नसती तर ते जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले असते, मी इथे नसतो. याच महाराजांनी 1902 मध्ये मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. रयतेचा कर रयतेच्या पोरांवर खर्च झाला. आत्या वाकते ती त्या आठवणीपुढे. तिच्यावर कुणी सक्ती केलेली नाही. आणि आत्ताच्या शाहू महाराजांना 2024 मध्ये खासदार व्हायचं होतं, तेव्हा त्यांनाही दारोदार मतं मागावी लागली. मला ते फार आवडलं.

म्हणून मला दोन पौंडांचं दुःख नाही. नागरिकत्व घेताना इथल्या टाउन हॉलमध्ये मी राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली. ती मी मनापासून पाळतो. पक्षांच्या भांडणाबाहेर उभा असलेला कुणीतरी देशाला लागतो, हेही पटतं. पण आयर्लंडमध्ये ते काम लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष करतात. खटकतं ते हे, की इथे त्या जागेवर कोण बसणार हे कुणी कधी आपल्याला विचारत नाही, आणि सगळा खर्चही दाखवत नाहीत. शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये रामाजी अनंत या सुभेदाराला बजावलं होतं, रयतेच्या भाजीच्या देठाचीही अभिलाषा धरू नकोस. हे ऐकत वाढलेल्या माणसाला झाकलेला हिशेब सहन होत नाही.

आणि आपल्याकडेही असा एक राजा होऊन गेला, ज्यानं स्वतःहून सत्ता सोडली. साताऱ्याकडच्या औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. घरोघरी सूर्यनमस्कार पोचवणारे तेच. 1939 मध्ये त्यांनी संस्थानाला राज्यघटना दिली आणि कारभार गावोगावच्या निवडलेल्या पंचायतींकडे सोपवला. ती घटना करताना गांधीजींचा सल्ला घेतला होता. आटपाडीजवळ त्यांनी कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत उभी केली, स्वतंत्रपूर.

डिसेंबरात आजीकडे गेलो की औंधला जाऊ. यमाईच्या डोंगरावर त्यांनी जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय आहे. चढण आहे, बूट चांगले घाल. आणि आत्या भेटली की तिलाही विचार, ती का वाकते. ती माझ्यापेक्षा वेगळं काही सांगेल, तेही मला ऐकायचंय.

तुझा,
बाबा