फोटोंतल्या चेहऱ्यांना नावं देताय? सुरुवात अशी करा
फोनमधलं फोटोंचं अ‍ॅप एकसारखे चेहरे ओळखून त्यांचे गट पाडतं, आणि त्या गटांना नावं तुम्ही द्यायची. सगळे चेहरे एका बैठकीत उरकायला जाऊ नका. आधी सर्वांत जास्त दिसणाऱ्या आठ-दहा जणांनाच नावं द्या. नुसतं ‘काका’ नको, पूर्ण नाव लिहा. काका दोन निघाले की शोधताना गोंधळ होतो.

एकाच माणसाचे दोन-तीन गट पडणारच: चष्मा, दाढी, आणि लहान मुलांचे चेहरे तर भराभर बदलतात. दुसऱ्या गटालाही तेच नाव द्या, म्हणजे दोन्ही एकत्र करता येतात. भावंडं सारखी दिसत असतील तर मात्र ‘ही एकच व्यक्ती का?’ असं अ‍ॅपने विचारल्यावर गट उघडून पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. मिसळलेले गट सोडवणं फार किचकट. चुकीचा फोटो गटातून काढा, डिलीट नको!

आयफोनवर नवे चेहरे येत नसतील तर तो लॉक करून रात्रभर चार्जिंगला ठेवा. ओळखण्याचं काम तेव्हा चालतं.