‘वर्णद्वेष’ नको, ‘वंशभेद’ लिहा

मेलबर्नमधील एका वाचकाने विचारले आहे की, तेथील हौशी क्रिकेट क्लबची आचारसंहिता मराठीत आणताना ‘रेसिझम’साठी वर्णद्वेष, वंशवाद आणि वंशभेद यांपैकी कोणता शब्द घ्यावा.

‘वंशवाद’ प्रथम बाद करावा. हिंदी वाहिन्यांमुळे तो राजकारणातील घराणेशाहीसाठी सर्रास ऐकू येतो, आणि घराणेशाहीसारखा नेमका शब्द हाताशी असताना ही उसनवारी असह्य होते.

वंश म्हणजे मुळात वेळू. घराचा वासा आणि बासरी हे शब्दही त्याच बेटातले. पेरापुढे पेर धरत वेळू वाढतो, म्हणून पिढ्यांची परंपराही वंशच. मात्र बृहदारण्यकोपनिषदात आचार्यांच्या नामावळीला वंश म्हटले आहे, आणि पाणिनीच्या ‘संख्या वंश्येन’ या सूत्रावर लिहिताना वैयाकरण जन्माचा आणि विद्येचा असे वंशाचे दोन प्रकार सांगतात. माझ्या मते क्लबात खेळ शिकणारा प्रत्येकजण विद्येच्या वंशातला असतो. त्याला जन्माच्या वंशावरून हिणवणारा त्याचे हे दुसरे नाते तोडतो, आणि हा अर्थ ‘वर्णा’त कधीच मावणार नाही.

‘वर्णद्वेष’ रूढ आहे म्हणून तोच ठेवा, हा कोशकारांचा आग्रह मला मुळीच मान्य नाही. मणिपूरच्या मुलीला डोळ्यांच्या ठेवणीवरून चिडवले जाते, तेथे वर्णाचा प्रश्नच कुठे येतो? त्याहून घातक आहे तो ‘द्वेष’. आयपीएलमधील हैदराबाद संघात आपल्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेरा यांना ‘कालू’ म्हणत, असे वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू डॅरेन सॅमी यांनी 2020 मध्ये सांगितले. त्या शब्दाचा अर्थ बलवान घोडा असा त्यांचा समज होता. पुढे एका सहकाऱ्याने आपण ते प्रेमाने म्हटल्याची ग्वाही दिली, हेही त्यांनीच कळवले. द्वेष सिद्ध करायचा म्हटले तर असा प्रत्येकजण सुटेल. 2007 मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू अँड्र्यू सायमंड्स यांच्यासमोर माकडचेष्टा करणाऱ्यांच्या मनात काय होते हे कोण सांगणार? चेष्टा मात्र साऱ्या मैदानाने पाहिल्या. द्वेष मनात राहतो, भेद वागण्यात दिसतो, आणि शिस्तपालन समितीला निकाल वागण्यावरच द्यायचा असतो.

आपल्या संविधानाच्या मराठी पाठातील अनुच्छेद 15 मध्येही ‘वंश’ हाच शब्द आहे. तेव्हा ‘वंशभेदी बोलणे किंवा वागणे’ असे लिहावे, आणि ‘काळ्या’, ‘चिंकी’ ही संबोधने त्याच कलमात स्पष्टपणे नोंदवावीत.